भोपळ्याची पाठवणी

तमाम समुद्रप्रेमी, लाटांवर फळी घेऊन उभे राहणारे वीर, किनाऱ्यावरून त्यांचे फोटो काढणारे त्यांचे नातेवाईक व इतर सर्व संबंधित यांना या लेखाद्वारे जाहीर करण्यात येते, की समुद्राच्या लाटेचा उगम सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावी, आमच्या मळ्यातल्या विहिरीत झालेला आहे. याबाबत कुणाची हरकत असल्यास त्यांनी पंधरा दिवसांच्या आत योग्य त्या कागदपत्रांसह माझ्याकडे यावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. मुदतीत आलेल्यांना चहा मिळेल. विचार त्यांच्याही हरकतीचा होणार नाही.

ती विहीर आता नाही. तिच्यावर चुलतभावांनी गोठा बांधलाय आणि जिथे आम्ही उड्या मारायचो, तिथे दोन जर्सी गाई दिवसभर रवंथ करत असतात. पण मी डोळे मिटले की विहीर जशीच्या तशी. चौकोनी, काळ्या दगडात बांधलेली. तीन भिंती ताठ सरळ. चौथी केव्हातरी ढासळलेली, त्यामुळे त्या बाजूला दगडमातीचा उतार थेट पाण्यात गेलेला. समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात पाण्याची मोटार. त्या कोनाड्याच्या कठड्यावरून उडी मारायची आणि उतारावरून वर यायचं, हा आमचा येण्याजाण्याचा रस्ता.

त्या विहिरीची महाराणी म्हणजे माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण. मी सात वर्षांचा होतो तेव्हा ती असेल एकोणीस-वीसची. सबंध गावातल्या पोरांना तिनं पोहायला शिकवलं. पद्धत साधी होती. वाळलेला मोठा भोपळा पाठीला बांधायचा आणि पोराला ढकलून द्यायचं. भोपळा आतून पोकळ, त्यामुळे पोर बुडत नाही, नुसतं ओरडतं. मी ओरडलोसुद्धा नाही. मी पाण्यात पडल्या पडल्या वरच्यांना काय काय दिसतंय ते सांगायला लागलो. अर्ध्या वाक्यात नाकातोंडात पाणी गेलं. वरून आत्या ओरडली, "आरं मुडद्या, हात मार! बोल नंतर!"

ही सूचना मला आयुष्यभर अनेकांनी केली आहे. पहिला मान तिचा.

पोरं पोहायला शिकली की भोपळा सुटायचा आणि मग आमचा खेळ सुरू व्हायचा. त्याचं नाव भोपळ्याची पाठवणी. भोपळा म्हणजे नवरी, ढासळलेला उतार म्हणजे तिचं सासर. मोटारीच्या कठड्यावरून मुटका मारायचा, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी कवटाळून, धोंड्यासारखी उडी घ्यायची. त्यानं जी लाट उठेल, तिच्यावरून नवरी सासरी पोचली पाहिजे. हात लावायचा नाही. नियम एवढाच.

आम्ही सगळे भोपळा कठड्याच्या खाली, अगदी जवळ सोडायचो. जितका जवळ, तितका धक्का जोरात, असा आमचा हिशोब. धप्पकन मुटका. पाणी पार विहिरीवर वाकलेल्या लिंबाच्या फांदीपर्यंत. लाट गोल पसरत पसरत जायची, भिंतीवर आपटायची, परत यायची. आणि भोपळा? भोपळा वर व्हायचा, खाली व्हायचा, पुन्हा वर. जरासा सरकल्यासारखा करायचा आणि जागच्या जागी मान हलवत राहायचा, जसा एखादा म्हातारा भाषणाला 'बरोबर, बरोबर' करत बसतो. लाटा त्याच्या खालून निघून जायच्या. नवरी माहेरीच.

मग आत्या यायची. ती भोपळा घेऊन पोहत पोहत पलीकडे जायची आणि उताराच्या अलीकडे दोन हातांवर, जिथे पाणी उथळ व्हायला सुरुवात होते, बरोबर तिथे तो सोडायची. मग परत येऊन कठड्यावर चढायची. आम्ही आरडाओरडा करायचो, "ही लबाडी हाय! ही लबाडी हाय!"

"कसली लबाडी? मुटका हितनंच मारणार न्हवं मी?"

आणि ती लगेच उडी मारायची नाही. आधी एक मुटका. मग वर चढून पाण्याकडे बघत उभी. भिंतींमध्ये हेलकावणारी पहिली लाट परत येईपर्यंत थांबायची, ती लाट आत्याच्या पायाखालून वळली की त्याच क्षणी दुसरा मुटका. झोपाळ्याला परत येताना धक्का देतात तसा. जुनी लाट आणि नवी लाट एक व्हायची. ती मोठी लाट गुपचूप, नुसती फुगवटी होऊन पलीकडे जायची, आणि उताराला पोचली की तिचा पाय अडखळायचा. खालचं पाणी जमिनीला घासून मागे राहायचं, वरचं पुढे पळायचं, लाट उभी व्हायची, वाकायची आणि फेस होऊन कोसळायची. आता मात्र ती भोपळ्याला खालून निघून जाऊ द्यायची नाही. उचलून, गडगडत, थेट उतारावर नेऊन आपटायची.

"बघा," आत्या पाण्यातूनच ओरडायची, "पाठवणी सासरच्या उंबऱ्यापासनं करायची रं! म्हायेरातनं ढकलून नवरी जाती व्हय कुठं?"

आता माझ्या गुन्ह्याकडे वळतो.

त्याच उन्हाळ्यात आत्याला बघायला पाहुणे आले. औंधचे, सातारा जिल्ह्यातले. मुलगा फौजेत. आमच्या घरी पोह्यांच्या ताटल्या, सतरंजी, कडक इस्त्रीचे आवाज. आत्या दाराआड. मुलाची आई म्हणजे भक्कम, घाऱ्या डोळ्यांची बाई. तिनं मला जवळ बोलावलं आणि सहज विचारलं, "काय बाळ, आत्या काय काय करती तुझी?"

घरच्यांना वाटलं मी सांगेन, भाकरी करते, रांगोळी काढते. पण मला प्रेक्षक मिळाले होते हो. पहिल्यांदाच. सात-आठ जण, सगळे माझ्याकडे बघतायत, कुणी उठून जाऊ शकत नाही. मी विहिरीपासून सुरुवात केली. भोपळा सांगितला, लिंबाच्या फांदीपर्यंत उडणारं पाणी सांगितलं, तिचा परकर कसा फुगतो तेही सांगितलं. मग शब्द कमी पडतायत असं वाटून मी बाजेवर चढलो, गुडघे पोटाशी घेतले आणि प्रत्यक्ष मुटका मारून दाखवला. सतरंजीवर. पोह्यांच्या ताटलीत.

वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. दाराआडून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

मग ती बाई हसली. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "पोरगी पसंत हाय आमाला. पर एक सांगून ठिवते. आमच्यात आल्यावर पाण्यात उतरायचं न्हाई. लोक काय म्हनतील? उतरलीस तर झिंज्या धरून मी सोता भाईर काढीन!"

सगळे हसले. लग्न ठरलं. मला बक्षीस म्हणून पेढा मिळाला, आणि मी तो खाल्ला. मोठं झाल्यावर कळलं, की त्या पेढ्याच्या बदल्यात मी काय देऊन बसलो होतो.

पाठवणीच्या दिवशी आत्यानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिनं तो भोपळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ठिव तुझ्याजवळ. बुडाया लागलास तर बडबड करू नगंस. ह्याला धर."

भोपळा पुढे उंदरांनी खाल्ला. बडबड शाबूत आहे.

औंधला पाणी बेतानं. तिथे दाराशी टँकर आला की पळापळ. पोहण्याचा प्रश्नच नव्हता, तरी अट होती ती होतीच, आणि आत्यानं ती पाळली. नवरा वर्षातून दोन महिने घरी; बाकी दहा महिने ही आणि सासू. मी सुट्टीत जायचो तेव्हा दुपारी दोघी जोंधळा निवडत बसलेल्या असायच्या आणि सासूबाई हळूच म्हणायच्या, "सांग की गं, पानी कुटवर उडायचं?" मग आत्या सांगायची. लिंबाच्या फांदीपर्यंत. सासूबाई मान हलवायच्या, जोंधळ्यातला खडा काढून टाकायच्या आणि म्हणायच्या, "लय झालं. उतरायचं न्हाई पर." त्यांनी जन्मात गुडघ्याच्या वर पाणी बघितलं नव्हतं. मला वाटतं त्यांना ती गोष्ट आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडायची.

सासूबाई जाऊन आता वीसएक वर्षं झाली. फौजी काकाही गेले. आत्या पासष्टीची झाली, आणि डोंगरावरच्या यमाईच्या पायऱ्या चढून चढून तिचे दोन्ही गुडघे संपले. मागच्या दिवाळीनंतर ती तपासण्यांसाठी सांगलीला आमच्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं, तारीख दिली आणि पथ्यांची यादी वाचून दाखवली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, उडी तर स्वप्नातसुद्धा मारायची नाही. आत्या सगळ्याला 'व्हय' म्हणाली.

संध्याकाळी मी तिला कृष्णेच्या घाटावर नेलं. ती पायरीवर काठी टेकून उभी राहिली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "नवं गुडघं बसायच्या आदी एकदा पान्यात जायाचं हाय मला. जुन्या गुडघ्यांनी."

मी सात वर्षांचा झालो. तोंडात पेढ्याची चव आली.

पण जायचं कुठे? कुंडलच्या विहिरीवर गाई. कृष्णेत मगरी, घाटावर पाटीच लावलीय. सांगलीतल्या तरणतलावावर नेलं, तर तिनं निळ्या फरशीकडे बघून नाक मुरडलं. "ह्याला दवाखान्याचा वास येतोय. आन् पानी हलतंय कुठं?" शेवटी माझी बायको म्हणाली, "हलणारं पाणी पाहिजे ना? मग कोकणात न्या." ऑपरेशनला पाच दिवस होते. आत्याचा मुलगाही फौजेत, तो सरहद्दीवरून फोनवर म्हणाला, "आई, पडलीस म्हंजे?" आत्या म्हणाली, "पान्यात पडायलाच चाललीय," आणि फोन ठेवला.

समुद्रावर पोचलो तर पाण्यात दहा-बारा माणसं फळ्या घेऊन तरंगत होती. मधूनच एखादा फळीवर उभा राहून लाटेबरोबर सरकत किनाऱ्याला यायचा. आत्या वाळूत थांबली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर भोपळाच हाय! चपटा केलाय नुसता."

तिथे फळीवरून लाट पकडायला शिकवणारा म्हणजे चाळिशीचा, काळाकुळकुळीत, मूळचा मासेमारी करणारा माणूस. त्यानं आत्याकडे, मग काठीकडे, मग माझ्याकडे असं बघितलं, की वेड नक्की कुणाला लागलंय ते ठरवत असावा. म्हणाला, "आजीनू, आधी समुद्र बघूचो. निदान पंधरा मिनटां. बघल्याशिवाय आत जाणारो माणूस माका नको." आम्ही वाळूत बसलो. आत्याला बसवायला दोघं लागलो.

तो सांगत होता ते मी त्याच्या नकळत पाठ करत होतो, कारण असली सामग्री मी सोडत नाही. लाट इथे तयार होत नाही, म्हणाला. खूप लांब, जिथे जमीन दिसत नाही तिथे वारा पाण्यावरून वाहतो. आधी नुसत्या सुरकुत्या पडतात. मग त्या सुरकुत्यांनाच वाऱ्याची पकड मिळते आणि त्या वाढतात. वारा किती जोराचा, किती वेळ टिकला आणि किती लांब पाण्यावरून आला, या तीन गोष्टींवर लाटेची ताकद ठरते. वारा तिकडेच राहतो, लाट मात्र निघते, आणि दिवसचे दिवस चालत इथे येते.

"पण पाणी थंयसून येणा नाय," तो म्हणाला. "पाणी थंयच ऱ्हवता. गोल फिरता नि आपल्या जाग्यार येता. येता ता फक्त जोर."

मला वाटलं हे तिला पटवायला वेळ लागेल. आत्या म्हणाली, "म्हाईत हाय. पौषात यमाईच्या डोंगरावनं शाळू बगायचा. वारं सुटलं की सगळं शिवार पळतंय, आन् जोंधळ्याचं एक ताट जागचं जात न्हाई."

शिकवणारा तिच्याकडे जरा वळून बसला. मग तिनंच त्याची शिकवणी सुरू केली. बोट दाखवून म्हणाली, "तिथं लांब बसलेली ती पोरं नुसतीच वर-खाली हुत्यात. लाट खालनं चाललीय त्यांच्या. आन् हितं, ह्या रेषेवर, लाट आडाखळतीया. म्हंजे हितं तळ वर आलाय. वाळूचा उंचवटा हाय खाली. व्हय का न्हाई?"

"तुमका ह्या कोणी शिकयला?"

"भोपळ्यानं," आत्या म्हणाली.

मग दोघांचं जमलं. त्यानं सांगितलं, मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत. चार-पाच जणी मिळून येतात, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा घोळका. म्हणून मोजत बसायचं. सकाळी यायचं, कारण तेव्हा वारा जमिनीकडून असतो आणि लाट स्वच्छ उभी राहते. दुपारी समुद्रावरचा वारा तिचा चुराडा करतो. फक्त एका ठिकाणी आत्या चुकली. दोन फेसाळ लाटांच्या मध्ये एक गप्प, गडद पट्टा दिसत होता. ती म्हणाली, "तिथनं जावं. शांत हाय." तो एकदम गंभीर झाला. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच परत जातं, म्हणाला, आणि माणसाला घेऊन जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही. आडवं पोहत त्याच्या बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर परत यायचं. आत्यानं कानाची पाळी धरली. विहिरीला असला चोरदरवाजा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मी उतरलो. अनुभव म्हणून. मला तीन गोष्टी बजावल्या होत्या: समुद्राकडे पाठ करायची नाही, फळी स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही, आणि पडलं तर आधी डोकं झाकायचं. मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो, फळी पोटाशी आडवी धरली आणि बायकोला फोटोचा कोन सांगायला मागे वळलो. पुढचं मला आठवत नाही. बायकोच्या सांगण्यावरून एका लाटेनं मला आणि फळीला वेगवेगळं करून वेगवेगळ्या जागी ठेवलं. वर आलो तेव्हा तोंडभर वाळू होती आणि किनाऱ्यावरून ओळखीचा आवाज येत होता, "हात मार! बोल नंतर!"

मग तिची पाळी. बायकोची सलवार-कमीज, वर नारिंगी जाकीट, डोक्याला घट्ट रुमाल. उभं राहणं गुडघ्यांना शक्यच नव्हतं. शिकवणाऱ्याची अट होती, पालथं झोपायचं, तो फळी धरणार आणि कमरेच्या पुढे जायचं नाही. आम्ही दोघांनी तिला धरून आत नेलं. पाणी घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांच्या वर गेलं. तिथे ती थांबली. माझ्या दंडावरची तिची बोटं घट्ट झाली. 'तुझ्या बडबडीनं माझं पाणी तुटलं', पंचेचाळीस वर्षं मी ज्या शब्दांची वाट बघत होतो ते आता येणार, असं मला वाटलं.

"चल म्होरं," ती म्हणाली. "काय थांबलास?"

फळीवर पालथी झाल्याबरोबर ती हलकी झाली. वाळूत चार पावलं टाकायला दोन माणसं लागणारी बाई, पाण्यानं एका क्षणात उचलली. तिनं हात पसरले. शिकवणाऱ्यानं मागून फळी धरली. पहिली लाट आली, तो ढकलणार तोच ती म्हणाली, "ही नगं." दुसरी आली. "ही बी नगं. आवं, ढकलू नका हो! मी सांगते तवा." तिसरीला तो तिच्याकडे बघत नुसता थांबला. आत्या मान वळवून मागे बघत होती. हनुवटी फळीवर, डोळे बारीक. ती नजर मी ओळखली. कठड्यावर उभी राहून परत येणारी लाट मोजणारी नजर.

मागून एक फुगवटी आली. फेस नाही, आवाज नाही. उंचवट्याला तिचा पाय लागला आणि ती उभी राहायला लागली.

आत्यानं लाट पोचायच्या आधीच हात मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. वाट बघून चालत नाही. लाटेच्या वेगाला थोडं तरी गाठावं लागतं, तरच ती सोबत नेते. "आता!" ती ओरडली. त्यानं फळी सोडली.

लाट तिच्या खालून निघून गेली नाही. तिनं आत्याला उचललं, जराशी वाकली आणि कोसळली, आणि त्या पांढऱ्या गडबडीच्या टोकावर नारिंगी जाकीट सूं करत किनाऱ्याकडे निघालं. मी मागे पाण्यात उभा. तोंड उघडं, आणि त्यातून एक शब्द बाहेर येत नव्हता. साक्षीला बायको आहे. आत्या माझ्यापासून लांब लांब जात राहिली, लहान होत गेली, आणि मला दिसत होता तो उतार, लिंबाची फांदी, आणि गडगडत सासरी निघालेला भोपळा.

फळी वाळूला टेकली. लाट परत गेली. आत्या फळीवरून लवंडून उथळ पाण्यात बसली, रुमाल सुटलेला, पांढरे केस चेहऱ्यावर चिकटलेले. आम्ही धावलो. गुडघे गेलेल्या बाईला तिथून स्वतःहून उठणं शक्य नव्हतं. पण तिनं आमच्याकडे बघितलंही नाही. पुढच्या लाटेचा फेस तिच्या मांडीवर आला, तिनं केसांचा ओला झुपका मुठीत धरून वर उचलला आणि आभाळाकडे बघत सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडली,

"आवं सासूबाई, या की आता! काढा मला भाईर!"